बेटाच्या सिनेमातला हरवलेला तुकडा

१

खंडेरावाच्या जत्रेत, दुसऱ्या दिवशीच्या खेळाला, पाथरथडीच्या बायांनी सिनेमा बंद पाडला.

सत्याऐंशी सालची गोष्ट. रुपचंदशेटची टुरिंग टॉकीज गिरणेच्या काठी उतरली होती. सिनेमा होता ‘एक बेट दोघांचं’. घरच्यांना न जुमानता पळालेले दोघं नदीतल्या ओसाड बेटावर येऊन राहतात, मासे भाजून खातात, गाणी म्हणतात, अशी ती प्रेमाची गोष्ट. शहरात हा सिनेमा कोणी विचारलाही नव्हता. पण पाथरथडीची बात वेगळी होती. ते बेट याच गावासमोरच्या डोहातलं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सिनेमाची कंपनी इथे उतरली होती आणि नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत.

आखाजीला गौराई पाण्यात सोडायला गावच्या पोरीबाया नदीवर जातात. समोरच्या काठावर पलीकडच्या गावच्या येतात. मग दोन्हीकडून शिव्या आणि ढेकळं सुरू होतात. पोट भरून शिव्या देऊन झाल्या की हसत हसत घरी. खान्देशात याला बार खेळणं म्हणतात. कंपनीच्या माणसांनी बेटावरून तो सगळा बार टिपला आणि सिनेमात घातला. नायिका झाडामागून बायांकडे बघते, तिला माहेर आठवतं आणि तिचे डोळे भरतात, असा तो प्रसंग.

पहिल्या रात्री हा प्रसंग आला आणि तंबूत कोणी बसून राहिलं नाही. “ती बघ मी!” “अगं बाई, मीच का ती!” शिट्ट्या, टाळ्या, लेकरांची रडारड. दुसऱ्या दिवशी एसटीच्या प्रत्येक फेरीतून पिशव्या घेतलेल्या बाया उतरल्या. कोणी धुळ्याहून, कोणी पारोळ्याहून. प्रत्येकीला स्वतःला पडद्यावर बघायचं होतं.

आणि दुसऱ्या खेळाला काय झालं? नायिका झाडामागे गेली आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चुलीवर भाकरी टाकायला लागली. मधला बार गायब!

“ये भटू!” बेबाबाई उभी राहून ओरडली. “आमना बार कोठे गया?”

भटू म्हणजे ऑपरेटर. तो पत्र्याच्या केबिनमधून बाहेर आला आणि त्याच्या अंगावर पहिली चप्पल पडली.

२

सकाळी भटू लीलाधर नानांच्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा उतरलेला, एक गाल सुजलेला.

लीलाधर नाना पोलिसात हवालदार होते. निवृत्त होऊन गावी आले आणि त्यानंतर भादव्यात त्यांची बायको कुंदाबाई गेली. तेव्हापासून नाना फारसे बाहेर पडत नसत. सिनेमा तर त्यांनी पाहिलाच नव्हता.

“नाना, शेट म्हणतो तूच तुकडा कापून विकला,” भटू म्हणाला. “आज शेवटचा खेळ. खेळाआधी तुकडा मिळाला नाही तर उद्या तंबू उतरवताना मला भडगावच्या ठाण्यात देणार. मग मला कोण मशीनला हात लावू देईल? मला दुसरं काही येत नाही हो.”

“तू कापलास का?”

“माझ्या लेकराची शपथ.”

“शपथ नको. कापलास का ते सांग.”

“नाही.”

नानांनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. खोटं बोलणारा लगेच पुढचं काही बोलतो. हा गप्प राहिला.

“चल, मला तुझी केबिन दाखव.”

केबिनमध्ये मशीन, रिळांचे डबे आणि एका स्टुलावर रीळ उलटं गुंडाळायचं हातानं फिरवायचं यंत्र होतं. शेजारी कात्री आणि पट्टी जोडायच्या सोल्युशनची बाटली. भटूनं ते रीळ काढलं, पट्टी उजेडात धरली आणि कापलेली जागा दाखवली.

“बघा, कापून परत जोडलंय. मला यापेक्षा चांगला जोड येत नाही. मशीनवरून गेला तर टिक असा आवाजसुद्धा आला नाही.”

“म्हणजे घाईत केलेलं नाही,” नाना म्हणाले. “पहिल्या खेळाला तुला हा बार नीट दिसला?”

“कुठला नीट! सगळे उभे राहिले. त्यांच्या सावल्या पडद्यावर. बायांची डोकी आणि हात तेवढे दिसले. कमरेच्या खाली सगळा काळोख.”

“पहिल्या आणि दुसऱ्या खेळाच्या मधे इथे कोण कोण आलं?”

भटूनं आठवून सांगितलं. काल सकाळी पोलीस पाटील अभिमन पाटील भांडायला आला होता. गावातला जीवराम इंजिनात डिझेल भरायला आला होता. आणि सुकदेव घड्याळवाला आला होता, कारण गुंडाळायच्या यंत्राचं दातेरी चाक सरकत होतं.

“तू कुठे होतास?”

“इथेच. फक्त नदीवर अंघोळीला गेलो तेवढाच.”

“अभिमन कशाला भांडत होता?”

भटूनं गाल चोळला. “म्हणाला, तो बार कापून टाक, नाहीतर मी कापतो.”

३

अभिमन पाटील पारावर बसला होता. नानांना बघून त्यानं जागा दिली नाही, पण पाय मात्र खाली घेतले.

“हो, म्हणालो मी कापा,” तो म्हणाला. “गावच्या बाया शिव्या देताना साऱ्या मुलखाला दाखवायच्या? आपली काय इज्जत राहिली?”

“सिनेमात शिव्या ऐकू येतात?”

“नाही. वर सनई वाजते. पण तोंडं दिसतात ना, नाना! तोंडावरून कळतं काय म्हणतात ते.”

“मग कापलास का?”

“मी कापला असता तर पारावर जाळला असता, सगळ्यांसमोर. चोरून कशाला?”

नानांना ते पटलं. अभिमनला एखादी गोष्ट कोणाच्या नकळत करायची सवयच नव्हती. साधं म्हशीचं रेडकू विकलं तरी तो सगळ्या गावाला ऐकवायचा.

मग नाना बायांकडे वळले. तुकड्यात काय होतं हे कळल्याशिवाय तो कोणाला हवा होता हे कळणार नव्हतं. पण इथे मोठी गंमत झाली. ज्या ज्या बाईला त्यांनी विचारलं, तिनं एकच उत्तर दिलं.

“काय दिसलं सिनेमात?”

“मी दिखनू ना, नाना!”

“आणखी कोण?”

“आखो कोन? मीच व्हतू. हातमा ढेकूळ लिसन!”

शेजारीण कोण होती, मागे कोण होतं, एकीलाही सांगता येईना. सगळ्यांनी एकच चित्र बघितलं होतं आणि त्यात प्रत्येकीला फक्त स्वतःच दिसली होती.

बेबाबाई नानांना सुकदेवच्या दुकानात सापडली. ती याच गावची लेक, धुळ्याला दिलेली. नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली होती. सुकदेव डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकला होता. तिशीचा, अबोल माणूस, अजून लग्न न झालेला.

“नाना, मी सगळ्यांच्या पुढे होते,” बेबाबाई सांगत होती. “हीरोइनीपेक्षा मोठी दिसत होते. असा हात केला, आणि त्या पलीकडच्या भवानीला असं ढेकूळ हाणलं!”

“आणि एका पायात वहाण नव्हती,” सुकदेव घड्याळातून वर न बघता म्हणाला.

बेबाबाई हसली. “मेल्या, तुला काय ठाऊक?”

नानाही हसले. काल केबिनमध्ये काय पाहिलं हे त्यांनी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं चाक दुरुस्त केलं, दोनदा फिरवून पाहिलं आणि आलो, एवढंच सांगितलं.

पण नानांच्या डोक्यात तोवर दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. तुकडा रागानं कापलेला नव्हता. राग असता तर रिळाची वाट लागली असती. इथे कोणीतरी हवा तेवढाच भाग घेऊन बाकीचं सांभाळून जोडून ठेवलं होतं. म्हणजे ज्यानं घेतला त्याला तो ठेवायचा होता. आणि बायांचं चित्र जवळ ठेवावंसं कोणाला वाटेल? जिची आठवण येते अशी बाई त्यात असेल, त्यालाच.

केबिनमध्ये गेलेल्या माणसांत असा एकच होता. जीवराम. त्याची बायको शेवंताबाई गेल्या वर्षी वारली होती.

नानांना उत्तर मिळालं होतं. आनंद मात्र झाला नाही.

४

जीवराम अंगणात एकटाच कापसातला कचरा निवडत बसला होता. नाना त्याच्यासमोर खाटेवर बसले.

“जीवराम, मी तुला चोर म्हणायला आलो नाही. माझंही घर रिकामं आहे. मला समजतं.”

“काय समजस, नाना?”

“तो तुकडा. त्यात शेवंता आहे ना? मी तुझं नाव घेणार नाही. पण त्या भटूचं पोट आहे त्याच्यावर. देऊन टाक.”

जीवरामनं हातातला कापूस खाली ठेवला. मग उठला, घरात गेला आणि कोनाड्यातून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डबा त्यानं नानांच्या हातात दिला.

“उघाड,” तो म्हणाला.

५

डब्यात हिरव्या बांगड्या होत्या, एक फणी होती आणि तळाशी एक फोटो. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे काढलेला. रंगवलेल्या विमानाच्या खिडकीतून जीवराम आणि शेवंताबाई बाहेर बघत होते. शेवंताबाईनं तोंड दाबून हसू आवरलं होतं.

“मनाजोडे फोटू शे, नाना. रोज दखस. माले सिनेमा कापानी काय गरज?”

नाना ओशाळले. “तसं नाही रे. मला वाटलं, बार खेळताना ती…”

“बार?” जीवरामला आता खरंच नवल वाटलं. “आखाजीले बाई सासरले ऱ्हास का? मनी शेवंता आखाजीले पहूरले जाये. तिना भाऊ गाडी लई ये. एक साल चुकनं नही. ती ह्या नदीवर बार कशी खेळी?” मग तो हळूच म्हणाला, “कुंदा वहिनी कधी आखाजीले तुमनाकडे व्हती का?”

नानांनी फोटो परत डब्यात ठेवला.

नव्हती. एकदाही नव्हती. भडगावहून तिचा भाऊ सुपडू यायचा आणि ती सकाळपासूनच ट्रंक भरून दारात बसलेली असायची. नाना बंदोबस्तावर. घरी यावं तर कुलूप. दर आखाजीला ते खाणावळीत जेवले होते. ही काही नवीन गोष्ट नव्हती. खान्देशातल्या पोरासोरालाही ती माहीत असते. पण गेल्या काही महिन्यांत ‘गेलेली बाई’ म्हटलं की नानांना फक्त बायकोच सुचायची. दुसऱ्या कोणाचंही दुसरं कोणी जाऊ शकतं, हे ते विसरले होते.

त्या बारातल्या बाया पाथरथडीच्या सुना नव्हत्या. त्या लेकी होत्या. म्हणून तर काल एसटीतून पिशव्या घेऊन उतरल्या. नानांच्या डोळ्यांसमोरून उतरल्या होत्या.

आणि लेकीसाठी रडणारा नवरा या गावात कुठून सापडणार? इथे तिचा बाप असेल. आई असेल.

किंवा भाऊ.

नाना उठले. “जीवराम, मला माफ कर.”

“बसा ना. चहा ल्या.”

“येतो परत. नक्की येतो.”

वाटेत बेबाबाई भेटली. नानांनी तिला थांबवलं.

“बेबा, खरं सांग. त्या दिवशी तुझी एक वहाण खरंच गेली होती?”

बेबाबाईनं इकडेतिकडे बघितलं. “डोहात गयी, नाना. नवी कोरी व्हती. सासूनी घेल. मी घर जाईसन सांगं, कुत्रानी नेयी. आजलोंग कोनले माहीत नही.”

“मग सुकदेवला कसं माहीत?”

बेबाबाई स्वतःच्या पायांकडे बघायला लागली.

“त्या साली तो गावात होता?”

“नही ना. त्यो जळगावले घड्याळनं काम शिके. आखाजीले उनाच नही. बिचारी सुमन वाट दखीदखी थकनी. शेवट शेजारना गाडीमा बशीसन उनी.”

सुमन म्हणजे सुकदेवची बहीण. पारोळ्याला दिलेली. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली होती.

६

सुकदेवच्या दुकानात त्या वेळी कोणी नव्हतं. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती, त्यात एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं.

नाना बाकावर बसले. “सुकदेव, पडद्यावर कोणाचे पायच दिसले नाहीत. सगळे उभे होते. बेबाबाईनं वहाणेचं कोणाला सांगितलं नाही. आणि तू त्या दिवशी नदीवर नव्हतास. मग तुला ते फक्त एकाच ठिकाणी दिसू शकतं. हातात धरलेल्या पट्टीवर, तुझ्या या भिंगातून.”

सुकदेवनं हातातला चिमटा खाली ठेवला. नाकारलं नाही.

“चाक फिरवून बघताना सापडलं ना?”

“पहिल्या खेळाला एकदम दिसली,” तो म्हणाला. “क्षणभर. मला वाटलं भास झाला. सकाळी चाक लावलं, फिरवलं, पट्टी उजेडात धरली, तर होती. बेबाबाईच्या मागेच. तिचा एकही फोटो नाही, नाना. लग्नात फोटोवाला ठरवला होता, तो आलाच नाही. नंतर काढू, नंतर काढू, करत राहिलं. मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. नाक आठवायचं तर डोळे जायचे.”

“आणि भटूला मार बसला तेव्हा?”

“सांगायलाच निघालो होतो. दोनदा दुकान बंद केलं. मग वाटायचं, एकदा अजून बघतो, मग जातो. त्या आखाजीला मी तिला आणायला गेलो नाही. मास्तर म्हणाला काम आहे, मी म्हटलं पुढच्या वर्षी जाऊ.”

त्यानं फळीवरून घड्याळांच्या सुट्या भागांचा एक डबा काढला. आत कापसावर पट्टीची गुंडाळी ठेवली होती. त्यानं ती नानांच्या हातात दिली आणि डोळ्याचं भिंगही काढून दिलं.

नानांनी पट्टी दाराच्या उजेडात धरली. नदी. बाया. पुढे बेबाबाई, एक पाय उघडा. तिच्या खांद्यामागे पिवळ्या लुगड्यातली एक पोरगी. तोंड उघडं, हात वर, डोक्यावरचा पदर पडलेला. शिवी देतादेताच तिला हसू फुटलं होतं.

“काय म्हणत असेल रे?” नानांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“फार वाईट काहीतरी,” सुकदेव म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. मग त्यानं तोंड फिरवलं.

नानांनी पट्टी पुन्हा गुंडाळली. “हे परत द्यावं लागेल.”

“न्या.”

“तिच्याबरोबरच्या सगळ्या आज स्वतःला बघायला थांबल्यात. सुमन एकटी डब्यात का बसेल?”

सुकदेवनं मान हलवली.

७

“तुकडा मिळाला,” नानांनी रुपचंदशेटला सांगितलं. “नाव विचारायचं नाही. भटूनं घेतला नव्हता, एवढं मी सांगतो.”

“पण नाना, चोर तर…”

“शेट, खेळ करायचा आहे की पंचनामा?”

शेटनं खेळ करायचं ठरवलं. भटूची माफी मात्र मागितली नाही. त्याला स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला. भटूनं तो घेतला.

केबिनमध्ये भटू पट्टी जोडायला बसला. नाना शेजारी उभे राहून बघत होते.

“दातेरी चाक कोणी नीट केलं ते मला माहीत आहे, नाना,” भटू मान वर न करता म्हणाला. “काल मार खातानाच संशय आला होता. इतका सफाईचा जोड गावात दुसरं कोण घालील?”

“मग शेटला सांगितलं का नाहीस?”

“संशयावरून माझं काय झालं ते बघितलं ना.” त्यानं पट्टी उजेडात धरली. “यातली कोण त्यांची?”

“बेबाबाईच्या मागची. पिवळं लुगडं.”

भटूनं पट्टी पुढे सरकवली, नीट बघितली आणि कात्रीनं कच्चकन दोन चौकटी कापल्या. नाना दचकले.

“जुनी पट्टी आहे. अशा एकदोन चौकटी गळतातच,” भटू म्हणाला. त्यानं दोन्ही टोकं जोडली, फुंकर घातली आणि ती कापलेली दोन चित्रं कागदात गुंडाळून नानांच्या हातात ठेवली. “पडद्यावर कोणाला कळायचं नाही. त्यांना द्या. आणि सांगा, पुढच्या वेळी मागा म्हणावं.”

त्या संध्याकाळी नानांनी पहिल्यांदा तो सिनेमा बघितला. बार आला तसे सगळे उभे राहिले. “खाली बसा ना, आमचे पाय दिसू द्या!” बेबाबाई ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. कोणी बसलं नाही. सुकदेव सगळ्यांच्या मागे एका पेटीवर चढून उभा होता. जीवराम त्याच्या शेजारी होता. पिवळं लुगडं पडद्यावर आलं आणि गेलं.

नानांना मात्र बायका बघताना एक वेगळाच प्रश्न पडला होता. रात्रभर तो डोक्यातून जाईना. सकाळी त्यांनी जीवरामकडे राहिलेला चहा घेतला आणि पहिल्या एसटीनं भडगाव गाठलं.

कुंदाबाईचा भाऊ सुपडू दुकान उघडत होता. बहीण गेल्यापासून नाना त्याच्या दारी आले नव्हते. तो घाबरून पुढे आला.

“दाजी! काय झालं?”

“काही नाही रे. एक विचारायचं होतं.” नानांनी टोपी काढून हातात घेतली. “आमची कुंदा… आखाजीला बार खेळायची का? शिव्या द्यायची?”

सुपडूनं हातातलं कुलूप खाली ठेवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “अक्का? दाजी, अक्का काठावर आली की पलीकडच्या बाया ढेकळं टाकून पळायच्या.”

“घरात तर कधी मोठ्यानं बोलली नाही.”

“ते सासर होतं ना!” त्यानं उघडलेलं दुकान परत लावून घेतलं आणि आत हाक मारली, “अगं, चहा ठेव. दाजींना अक्काचं ऐकायचंय.”

नाना ओट्यावर बसले. “पहिल्यापासून सांग,” ते म्हणाले. “आणि शिव्या गाळू नको.”